न नाकारलेली फळी

तिसऱ्या मजल्यावरच्या मावशींना खाली यायचं होतं. मूळ मागणी एवढीच. ती त्यांनी चार शब्दांत केली होती आणि त्यात कर्ता, क्रियापद, सगळं जागच्या जागी होतं: "मला खाली यायचंय रे." पुढे जे रामायण घडलं, ते मी ही मागणी इंग्रजीत उतरवायला घेतल्यामुळे घडलं.

मावशी शिवणकाम करतात. इमारतीतल्या प्रत्येकाच्या अंगावर त्यांचा एक तरी टाका असेल. माझ्या पहिल्या मुलाखतीच्या दिवशी सदऱ्याची कॉलर उसवलेली बघून त्यांनी मला जिन्यातच थांबवलं होतं आणि सदरा अंगात असतानाच ती शिवली होती. मला नोकरी लागली त्यात माझा वाटा किती आणि कॉलरचा किती, हे मी कधी तपासलं नाही. अशा बाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि सात महिने त्या खाली उतरल्या नाहीत. पायऱ्या चोपन्न. लिफ्ट नाही. डॉक्टरांनी सांगितलं, "उतरा की, पण मध्ये बसत बसत उतरा." कशावर बसायचं, ते त्यांनी चिठ्ठीवर लिहून दिलं नव्हतं.

"अरे, दोऱ्याच्या दुकानात जायचंय मला," मावशी म्हणाल्या. "सात महिने तुम्ही सगळे आणून देताय. निळा सांगितला की जांभळा येतो, जांभळा सांगितला की वांग्यासारखा काहीतरी येतो. रंग काय दुसऱ्याच्या डोळ्यांनी बघता येतो?"

उपाय अगदी सोपा होता. जिन्याच्या दोन वळणांवर भिंतीला बिजागऱ्या लावून दोन फळ्या बसवायच्या. बसायचं असेल तेव्हा पाडायची, एरवी भिंतीला चिकटवून ठेवायची. सुतार म्हणाला, एका दुपारचं काम आहे. मी म्हटलं, "मग कर." आणि तिथेच तळमजल्यावरचे हवामानकाका आडवे आले.

हे गृहस्थ हवामान खात्यातून निवृत्त झालेत. त्यांचे सल्ले त्यांच्या अंदाजांसारखेच असतात. दिशा बरोबर असते, दिवस चुकतो. ते म्हणाले, "इमारत आपली नाही, गृहनिर्माण कचेरीची आहे. जिन्यात खिळा ठोकायचा तरी परवानगी लागते. अर्ज करा. आणि अर्ज इंग्रजीत करा. साध्या भाषेतला अर्ज साधा माणूस वाचतो. जड अर्ज वर जातो."

आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

का पाहिलं ते सांगतो. मी एका पंख्यांच्या कंपनीत तक्रार विभागात पत्रं लिहितो. ग्राहक लिहितात, 'पंखा फिरत नाही.' मी लिहितो, 'नो डिफेक्ट हॅज बीन फाउंड.' म्हणजे, दोष आढळून आलेला नाही. कोणाला आढळला नाही? ते पत्रात नसतं. पंखा कोणी उघडला, कधी उघडला, मुळात उघडला का, हेही नसतं. या वाक्याचं सौंदर्य असं की ते शंभर टक्के खरं असतं. न पाहिलेल्या पंख्यात आजवर कोणालाच दोष आढळलेला नाही. लेखी इंग्रजीतली ही नकारार्थी कर्मणी रचना म्हणजे एक बिनदाराची भिंत आहे. भांडायला आलेला माणूस भिंतीभोवती फिरत राहतो आणि आत कोण आहे ते त्याला कळत नाही. बावीस वर्षं मी आत बसलोय. साहेब एकदा म्हणाले होते, "तुमच्या पत्रात माणूस शोधून सापडत नाही." हे कौतुक होतं असं मी धरून चाललो आहे.

तर रविवारी सकाळी मी टेबल पुसलं, पेनात शाई भरली आणि तासाभरात अर्जाचं मुख्य वाक्य सिद्ध केलं. ते असं: 'इट इज नॉट अनरीझनेबली रिक्वेस्टेड दॅट द नॉन-इन्स्टॉलेशन ऑफ अ सीट मे नॉट बी इन्सिस्टेड अपॉन, अनलेस इट इज नॉट फाउंड टु बी नॉट ऑब्जेक्शनेबल.'

बायकोला वाचून दाखवलं. ती शाळेत गणित शिकवते. वह्या तपासता तपासता तिने ऐकलं आणि विचारलं, "यात नकार किती आहेत?"

"नकार कसले? विनय आहे तो."

"परत वाचा."

मी वाचलं. ती बोटांवर मोजत होती. "नॉट, अन, नॉन, नॉट, अनलेस, नॉट, नॉट. सात. विषम संख्या. म्हणजे उत्तर उणे येतं. अहो, तुम्ही फळी नको म्हणताय."

"भाषा म्हणजे पाढे नव्हेत," मी म्हणालो.

"बरं," ती म्हणाली आणि पुढची वही ओढली. लग्नाला अठरा वर्षं झाल्यावर 'बरं' या शब्दाचे किती अर्थ होतात ते माहीत असूनही मी पाकीट चिकटवलं.

पाच आठवड्यांनी उत्तर आलं. पोस्टमनने ते हवामानकाकांच्या हातात दिलं, काकांनी ते जिन्यातच फोडलं, आणि वरच्या ओळीतले ठळक अक्षरांतले दोन शब्द एवढ्या मोठ्याने वाचले की तिसऱ्या मजल्यावर शिलाई मशीन थांबलं. "नो ऑब्जेक्शन! हरकत नाही!"

मग काय विचारता. पत्र हातोहात फिरलं. प्रत्येकाने ते दोन शब्द बोट ठेवून वाचले आणि पुढच्याकडे दिलं. पुढची ओळ वाचण्याची गरज कोणालाच वाटली नाही. मलाही नाही. मी कठड्याला टेकून नम्रपणे उभा होतो. काका म्हणाले, "इंग्रजी असावं तर असं." मी म्हटलं, "छे, छे," पण असं म्हटलं की ते सगळ्यांना ऐकू जावं.

सुताराने सांगितल्याप्रमाणे एका दुपारीत काम केलं. दोन गुळगुळीत फळ्या, कडा गोल घासलेल्या, खाली लोखंडी टेके. वरून वजन पडलं की आणखी घट्ट बसतील अशा. "मावशींनी माझ्या पोरीचा गणवेश शिवलाय," एवढं बोलून तो सामान आवरायला लागला. संध्याकाळी मावशी काठी टेकत नऊ पायऱ्या उतरल्या आणि पहिल्या फळीवर बसल्या. दोन्ही तळवे फळीवरून फिरवले. मग म्हणाल्या, "उद्या सकाळी दुकान उघडलं की जाईन."

चहा घेताना बायको म्हणाली, "पत्र द्या, नीट ठेवून देते." तिने ते उघडलं. तिला सगळ्या गोष्टी शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची खोड आहे. ती वाचत होती आणि मी तिच्या चेहऱ्याकडे कौतुकाच्या अपेक्षेने बघत होतो.

"अहो," ती म्हणाली, "इथे लिहिलंय, नो ऑब्जेक्शन हॅज बीन फाउंड टु द सीट नॉट बीइंग इन्स्टॉल्ड."

"हं. हरकत नाही."

"फळी न बसवण्याला हरकत नाही."

मी पत्र हातात घेतलं. चष्मा पुसला. 'नॉट' तिथेच होता. तो इतका लहान शब्द आहे की बावीस वर्षं त्याच्यावर पोट भरणाऱ्या माणसालाही दिसला नव्हता.

"म्हणजे आपल्याला फळ्या न बसवण्याची लेखी परवानगी मिळाली आहे," बायको शांतपणे म्हणाली. "तुम्ही मागितली होती तीच."

ती "सांगितलं होतं ना" असं म्हणाली नाही. याबद्दल मी तिचा जन्मभर ऋणी आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कचेरीत जाऊन हे निस्तरायचं ठरवलं होतं. पण नऊ वाजताच कचेरीचा तपासनीस इमारतीत आला. आगीसाठी ठेवलेल्या वाळूच्या बादल्या मोजायला येतो तोच. बादल्या मोजत मोजत तो वर आला आणि वळणावर थबकला. भिंतीवरची फळी त्याने पाडून पाहिली, उचलून पाहिली, परत पाडली. मग तिच्यावर बसला, मांडीवर वही ठेवली आणि तिच्याविरुद्ध अहवाल लिहायला लागला. मी खालून धावत आलो. हवामानकाका माझ्या मागे एका पायरीचं अंतर ठेवून होते.

"हे कोणी बसवलं?" तपासनीसाने विचारलं.

"बसवण्यात आलं आहे," मी म्हणालो.

"ते दिसतंय. कोणी?"

"म्हणजे, गरज लक्षात घेऊन बसवण्यात आलेलं आहे."

"अहो, कोणी?"

मी तोंड उघडलं. शपथेवर सांगतो, मला 'मी' म्हणायचं होतं. पण बावीस वर्षांत तो शब्द कामकाजात कधी लागलाच नव्हता. घशापर्यंत यायचा आणि सवयीने परत जायचा. "चौकशी करण्यात येईल," असं काहीतरी माझ्या तोंडून बाहेर पडलं. मागून काका पुटपुटले, "उत्तम." तपासनीसाने पेन खाली ठेवलं.

तेवढ्यात वरून काठीचा आवाज आला. मावशी दुकानात जायचं म्हणून इस्त्रीची साडी नेसून, हातात पिशवी घेऊन निघाल्या होत्या. कठड्यावरून वाकून त्या म्हणाल्या, "मी बसवून घेतली. माझ्यासाठी. लिहा माझं नाव."

तपासनीस उठून उभा राहिला. माणूस वाईट नव्हता. "आजी, तुम्हाला जिना झेपत नाही का?" त्याने अगदी मऊ आवाजात विचारलं.

"झेपतो. मध्ये बसावं लागतं."

"मग मला तेही लिहावं लागेल." त्याने लिहिलं. मग समजावून सांगितलं: फळ्या सात दिवसांत काढायच्या. आणि वरच्या मजल्यावरच्या रहिवाशाला जिना झेपत नसेल, तर कचेरी त्यांना तळमजल्यावरची खोली देते. तशा खोल्या शहराच्या दुसऱ्या टोकाला आहेत. "तुमच्या सोयीसाठीच नियम आहे," तो म्हणाला, आणि त्याला ते खरंच वाटत होतं.

मावशी एकतीस वर्षं त्या खोलीत राहताहेत. त्यांचं मशीन खिडकीपाशी आहे, कारण उजेड तिथेच येतो. त्यांनी पिशवीची घडी घातली. "आज राहू दे मग," म्हणाल्या आणि परत घराकडे वळल्या. माझ्याकडे त्यांनी रागाने पाहिलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी उलट मला विचारलं, "तुला ऑफिसला उशीर नाही ना झाला?"

त्या दिवशी मी रजा टाकली.

हवामानकाकांचं मत होतं की आणखी जड अर्ज करावा. तळमजल्याच्या दुसऱ्या बिऱ्हाडाचं मत होतं की फळ्यांवर कुंड्या ठेवाव्यात, म्हणजे त्या कुंड्यांच्या फळ्या ठरतील. बायको शाळेत जाता जाता एवढंच म्हणाली, "जाऊन बोला. लिहू नका."

गृहनिर्माण कचेरी ही एक लांबलचक दुमजली इमारत आहे. आत एक ते अकरा खिडक्या. पहिल्या खिडकीवरच्या माणसाने माझं पत्र वरखाली पाहिलं. "ही फाइल इथे ठेवण्यात आलेली नाही."

"मग कुठे आहे?"

"पुढे पाठवण्यात आली आहे."

"कोणी पाठवली?"

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काहीतरी खासगी विचारलं होतं. चौथ्या खिडकीत कळलं की निर्णय घेण्यात आलेला नाही. सातव्या खिडकीत कळलं की घेण्यात आला असता तर कळवण्यात आलं असतं. नवव्या खिडकीवर पाटी होती की चौकशी स्वीकारली जाणार नाही, आणि पाटीमागे कोणीच नव्हतं. मी बाकावर टेकलो. आणि माझ्या डोळ्यांपुढून न फिरणारे पंखे एकामागून एक जायला लागले. उकाड्यात बसून माझी पत्रं वाचणारी माणसं. 'दोष आढळून आलेला नाही.' कोणाला रे, कोणाला? मीच मनात ओरडत होतो, आणि ऐकणाराही मीच होतो.

अकराव्या खिडकीची बाई वरच्या मजल्यावर बसते असं कळलं. जावक विभाग. म्हणजे कचेरीतून बाहेर जाणारं प्रत्येक पत्र जिथून जातं ती खोली. तिथे कागदांच्या चळतींमध्ये एक पन्नाशीच्या बाई बसल्या होत्या. चष्म्याची एक काडी चिकटपट्टीने बांधलेली. त्यांनी माझं पत्र पाहिलं आणि म्हणाल्या, "अरे वा, म्हणजे हे तुम्ही! सात नकारवाले!"

"मोजलेत तुम्ही?"

"तीनदा वाचला तुमचा अर्ज. पहिल्यांदा वाटलं, फळी हवीय. दुसऱ्यांदा वाटलं, कोणीतरी तुमच्यावर फळीची सक्ती करतंय. तिसऱ्यांदा म्हटलं, हा माणूस घाबरलाय बिचारा, याला फळी नकोय. म्हणून मी लिहून दिलं की न बसवण्याला हरकत नाही. बसा निश्चिंत."

"तुम्ही लिहिलंत?"

"उत्तरं मीच लिहिते. सही साहेबांची असते, पण ती कोणाला वाचता येत नाही." त्यांनी समोरची खुर्ची रिकामी केली. "काय हवंय तुम्हाला?"

मी घसा साफ केला. "अशी विनंती करण्यात येत आहे की—"

"थांबा," बाई म्हणाल्या. "फाइल बोलतेय. तुम्ही बोला."

मी ते वाक्य तिथेच सोडलं. मग म्हणालो, "आमच्या मावशींना खाली यायचंय. त्यांना दोरा आणायचाय. मी अर्ज चुकीचा लिहिला. फळ्या मी बसवल्या. तपासनीसाने विचारलं तेव्हा मी घाबरलो आणि माझं नाव सांगितलं नाही. त्यांनी स्वतःचं नाव दिलं आणि आता त्यांना घर सोडावं लागेल. चूक माझी आहे. मी काय करू?"

एवढी कर्तरी वाक्यं मी आयुष्यात एका दमात बोललो नव्हतो. कान तापले. बाईंनी पाण्याचा पेला माझ्यापुढे सरकवला.

"हे बघा," त्या म्हणाल्या, "मंजुरी द्यायचा अधिकार मला नाही. तो समितीला आहे."

"समिती कधी बसते?"

"नेमण्यात आलेली नाही. चार वर्षं झाली." त्या जरा पुढे झुकल्या. "पण एक गोष्ट लक्षात घ्या. मंजूर करायला समिती लागते, तशी नामंजूर करायलाही लागते. तुम्हाला कोणी अजून नाही म्हटलेलंच नाही. तर आहे ते खरं लिहून द्यायला कोणाचीच ना नाही."

त्यांनी कागद ओढला आणि माझ्यासमोर तीन वाक्यं लिहिली. मी उलट्या बाजूने वाचत होतो. 'द रिक्वेस्ट फॉर सीट्स हॅज नॉट बीन रिफ्यूज्ड.' विनंती नाकारण्यात आलेली नाही. 'रिमूव्हल इज नॉट कन्सिडर्ड नेसेसरी अनटिल अ डिसिजन इज टेकन.' निर्णय होईपर्यंत फळ्या काढण्याची गरज वाटत नाही. 'नो चेंज इन द टेनन्सी इज कन्टेम्प्लेटेड.' रहिवाशाचं घर बदलण्याचं योजलेलं नाही.

नकारार्थी, कर्मणी, एकाही वाक्यात माणूस नाही. माझ्याच कारखान्यातला माल. पण मी त्या विटांनी भिंत बांधत आलो होतो, आणि या बाईंनी त्याच विटा रचून मावशींसाठी पायरी केली होती.

"तुम्ही कोणाचंही काम असं करता?" मी विचारलं.

"ज्याचं काम काय आहे ते मला कळतं, त्याचं." त्या हसल्या. "बहुतेकांचं कळतच नाही. अर्ज फार चांगल्या इंग्रजीत असतात."

"मी तुम्हाला आभाराचं पत्र लिहितो."

"अजिबात नको!" त्या दचकल्याच. "आभाराचं पत्र आलं की ते आवक विभागात नोंदलं जाणार. मग प्रश्न येणार, कोणाचे आभार? कशाबद्दल? म्हणजे इथे कोणीतरी काहीतरी केलं हे उघडकीला येणार. नाही, नाही. इथे कोणी काही केलेलं नाही. या आता."

सातव्या दिवशी तपासनीस आला. फळ्या जागच्या जागी बघून त्याने कपाळाला आठ्या घातल्या. मी पत्र पुढे केलं. त्याने ते फळीवर बसून वाचलं.

"नाकारण्यात आलेली नाही," तो हळूहळू म्हणाला. "म्हणजे दिली?"

"नाकारलेली नाही," मी म्हणालो.

"पण दिली का?"

"दोन नकार," बायको दारातून म्हणाली. तिची त्या दिवशी शाळा दुपारची होती. "सम संख्या."

तपासनीसाने पत्र परत वाचलं. सही उलगडायचा प्रयत्न केला, सोडून दिला. मग तो उठला, टेक्यांचे स्क्रू अंगठ्याने दाबून पाहिले आणि म्हणाला, "खालचा एक जरा सैल आहे. आवळून घ्या. आजी बसणार ना?" आणि त्याने वहीतलं पान फाडून खिशात घातलं. मी त्याला म्हटलं, "थांबा. त्या दिवशी विचारलंत ना, फळ्या कोणी बसवल्या? मी बसवल्या." तो म्हणाला, "आता नका सांगू हो, पान फाडलंय."

स्क्रू आवळला आणि मावशी निघाल्या. मी दोन पायऱ्या पुढे, बायको एक पायरी मागे, हवामानकाका खाली दरवाजा धरून. पहिल्या फळीवर त्या चार मिनिटं बसल्या. दुसरीवर सहा. तिथे बसून त्यांनी पहिल्या मजल्याच्या बिऱ्हाडाशी सात महिन्यांच्या गप्पा सुरू केल्यामुळे सहा. दोऱ्याच्या दुकानात त्या सव्वा तास होत्या. एकेक रीळ उजेडात नेऊन, बोटाभोवती गुंडाळून बघत होत्या. दुकानदार मला म्हणाला, "तुम्ही नेत होतात ते जांभळे दोरे त्यांच्यासाठी होते? मला वाटलं तुम्हाला ते आवडतात."

कंपनीत मी परत गेलो तेव्हा टेबलावर एका शिक्षकाची तक्रार होती. मी गोदामात गेलो, पंखा उघडवला, बघितला आणि लिहिलं, 'मी तुमचा पंखा पाहिला. आतली तार तुटली होती. मी ती बदलून घेतली आहे.' खाली वाचता येईल अशी सही केली. साहेबांनी बोलावून विचारलं, "हे काय आहे?" मी म्हटलं, "पत्र." आता लोकांना माझं नाव कळल्यामुळे ते फोन करून थेट मलाच शिव्या देतात. गेल्या आठवड्यात दोघांनी दिल्या. तिसऱ्याने मात्र पंखा छान फिरतोय असं सांगायला फोन केला होता. बावीस वर्षांत असा फोन कोणाला करायचा हे कोणाला माहीतच नव्हतं.

सगळं मार्गी लागलं तरी मावशींचं समाधान नव्हतं. "त्या बाईंना भेटायचंय मला," त्या म्हणत राहिल्या.

"मावशी, त्यांना आभार नकोत. अडचण होते त्यांना."

"लिहून नको ना? मी कुठे लिहितेय? मला लिहिताच येत नाही तुझं ते इंग्रजी."

शेवटी एका शनिवारी दुपारी मी त्यांना रिक्षाने कचेरीत घेऊन गेलो. जावक विभाग वरच्या मजल्यावर, म्हणून मावशींना मी खाली पटांगणातल्या बाकावर बसवलं आणि वर जाऊन बाईंना गाठलं. त्या फायली बांधत होत्या. "आणलंत त्यांना?" त्या एकदम म्हणाल्या. "इथवर? रिक्षातून उतरताना त्रास झाला का? बसवलंत कुठे?" चष्मा सावरत त्या माझ्या पुढे जिना उतरायला लागल्यासुद्धा.

दोघी समोरासमोर आल्या. मावशींनी काठी बाजूला ठेवली आणि बाईंचे दोन्ही हात धरले. "मी तुमचे आभार मानायला आलेय," त्या म्हणाल्या.

बाईंनी सवयीने वरच्या खिडक्यांकडे पाहिलं. "अहो, आभार कसले? इथे काही करण्यात आलेलं नाही. कोणी काही केलेलं नाही."

"असं कसं?" मावशी म्हणाल्या. "मी शिकलेली नाही बाई, पण मला एवढं कळतं. मी माझ्या घरात आहे. मी रोज खाली येते. हे आपोआप नाही होत. कोणीतरी केलं."

मावशींनी हात सोडले नाहीत. पटांगणातून दोन-चार माणसं फायली घेऊन गेली. मी बाजूला उभा होतो. मला वाटलं, आता त्या पुन्हा तेच वाक्य म्हणतील; मीही बावीस वर्षं तेच म्हणत आलो होतो. त्यांनी मावशींच्या शेजारी बाकावर बसून घेतलं. चष्मा काढला आणि पदराने पुसला.

"मी केलं," त्या हळूच म्हणाल्या. मग जरा मोठ्याने, आपल्याच आवाजाचं नवल वाटल्यासारख्या, "हो. मी केलं ते."